उड्डाण रद्द, कारण गुलदस्त्यात

डिसेंबर 2025 मध्ये 3 ते 5 तारखेच्या दरम्यान इंडिगोची 2,507 उड्डाणे रद्द झाली आणि 1,852 उशिरा सुटली. तीन लाखांहून जास्त प्रवासी ठिकठिकाणच्या विमानतळांवर अडकून पडले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, चौकशी केली आणि जानेवारी 2026 मध्ये कंपनीला 22 कोटी 20 लाख रुपयांचा दंड ठोठावला. आकडा ऐकायला मोठा वाटतो. भागाकार केला तर तो अडकलेल्या माणसामागे जेमतेम 740 रुपये पडतो. हे पैसे प्रवाशाच्या हातातही पडत नाहीत, दंड सरकारजमा होतो.

मग प्रवाशाच्या हातात काय पडते? विमान रद्द झाले, उशिरा सुटले, तिकीट असून चढू दिले नाही किंवा बिझनेस क्लासचे पैसे घेऊन इकॉनॉमीत बसवले, तर कायद्याने त्याचे काय देणे लागते? नियम आहेत, आणि अनेकांना वाटते त्यापेक्षा ते बरेच तपशीलवार आहेत. अडचण दुसरीकडे आहे. यातले जवळजवळ प्रत्येक देणे एका प्रश्नावर अडते: हे घडले कशामुळे? त्याचे उत्तर ज्याच्याकडे असते त्यालाच पैसे द्यायचे असतात.

आपल्याकडचा मुख्य नियम म्हणजे डीजीसीएच्या ‘सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स’मधला सेक्शन 3, सीरीज एम, भाग 4. तो ऑगस्ट 2010 मध्ये आला. भरपाईचे आकडे 2016 मध्ये वाढवले गेले आणि वर्ग उतरवण्याची तरतूद 2023 मध्ये जोडली गेली. आधी रद्द उड्डाणाचे पाहू. कंपनीने दोन आठवडे आधी कळवले तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, एवढ्यावर विषय मिटतो. दोन आठवड्यांच्या आत पण 24 तास आधी कळवले तरी तेच, फक्त पर्यायी विमान मूळ वेळेच्या आसपासचे हवे. 24 तासांच्या आत रद्द केले तर मात्र रोख भरपाई लागू होते: तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500 आणि त्यापुढे 10,000. तिकीट काढताना तुमचा संपर्क क्रमांक नीट दिलेला नसेल तर ही भरपाई मिळत नाही. एजंटाने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो, अशी तिकिटे आपल्याकडे ढिगाने निघतात. असे तिकीट हाती आले की आपला नंबर त्यात घालून घ्यावा.

या आकड्यांच्या पुढे नियमात मोजके शब्द आहेत: यांपैकी जे कमी असेल ते. तुलना होते ती मूळ भाडे अधिक इंधन आकार या बेरजेशी. तुमच्या तिकिटाची पावती उघडून पाहा. एकूण रक्कम ठळक दिसते, पण तिच्या पोटात मूळ भाडे, इंधन आकार, विमानतळाची युजर डेव्हलपमेंट फी, सुरक्षा शुल्क, जीएसटी, सीटचे पैसे, एखादी कन्व्हीनियन्स फी असे सगळे असते. समजा मुंबई-नागपूर तिकिटात पहिल्या दोन रकमा मिळून 3,000 रुपये होतात. विमान सकाळी निघायचे होते आणि पहाटे रद्द झाल्याचा मेसेज आला. दीड तासाच्या उड्डाणाला 7,500 रुपये असे आपण वाचलेले असते, हातात येतात 3,000. परतावा वेगळा मिळतो हे खरे, पण त्याच सकाळी दुसऱ्या कंपनीचे तिकीट नऊ-दहा हजारांना घ्यावे लागले तर हा सगळा हिशेब प्रवाशाच्याच अंगावर येतो.

म्हणून मला रोख भरपाईपेक्षा पर्यायी विमानाचा हक्क जास्त मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे तो फारच अशक्त आहे. नियम सांगतो की प्रवाशाला मान्य असेल असे पर्यायी उड्डाण द्या किंवा पैसे परत करा. व्यवहारात काउंटरवरून मिळते ते त्याच कंपनीचे पुढचे रिकामे विमान, मग ते उद्याचे असो की परवाचे. डिसेंबरात इंडिगोची विमाने थांबली तशी उरलेल्या कंपन्यांची भाडी कडाडली. 6 डिसेंबरला केंद्र सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, हजारापर्यंत 12,000, दीड हजारापर्यंत 15,000 आणि त्यापुढे 18,000. परतावा खात्यात जमा होतो, पण ज्या भावाने तिकीट काढले होते त्या भावाने पुन्हा मिळत नाही. युरोपच्या नियमात प्रवाशाला परतावा किंवा शक्य तितक्या लवकर, तुलनेने तशाच सोयींनी मुक्कामाला पोहोचवणे, यातली निवड मिळते. गरज पडल्यास दुसऱ्या कंपनीच्या विमानाने पोहोचवावे, असे युरोपियन कमिशनचे मार्गदर्शन आहे. गर्दीच्या आठवड्यात अडकलेल्या माणसाला या एका सोयीने जेवढा दिलासा मिळेल तेवढा दहा हजारांच्या व्हाउचरने मिळणार नाही.

उशिराच्या बाबतीत आपला नियम आणखी हात आखडता घेतो. विमान कितीही उशिरा सुटले तरी भारतात देशांतर्गत प्रवासाला रोख भरपाई ठरलेली नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणेपिणे द्यायचे, त्याहून लांबच्या उड्डाणांना तीन किंवा चार तासांनंतर. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा. 24 तासांहून जास्त उशीर असेल तर हॉटेल. रात्री 8 ते पहाटे 3 या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला तरी हॉटेल. आता एखाद्या आजींचे विमान संध्याकाळी साडेसातचे आहे आणि ते रात्री अडीचला सुटणार आहे असे धरा. सात तास उशीर, मध्यरात्र उलटलेली, तरी वेळापत्रकातली वेळ आठच्या आधीची म्हणून हॉटेलचा हक्क नाही. अशा बारीकसारीक रेषा जिथे आखल्या जातात तिथे प्रवाशाच्या बाजूने बोलायला कोणी बसलेले नसते, हे उघड दिसते.

जानेवारी 2024 मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान धुक्यामुळे मुंबईकडे वळवावे लागले. आधीच ताटकळलेले प्रवासी मुंबईत विमानातून उतरले आणि विमानांच्या येण्याजाण्याच्या जागेतच खाली बसून जेवले. ती चित्रफीत देशभर फिरली. कंपनीला 1 कोटी 20 लाखांचा दंड झाला, मुंबई विमानतळालाही दोन यंत्रणांकडून मिळून 90 लाखांचा झाला. दंडाचा मुद्दा मुख्यतः सुरक्षेचा होता. त्या लोकांना किती वेळ कुठे बसवून ठेवले आणि त्याबद्दल त्यांना काय मिळावे, हा प्रश्न त्यात गौण ठरला.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा एक निकाल महत्त्वाचा आहे. डिसेंबर 2007 मध्ये दिल्लीहून हैदराबादला जाणारे इंडिगोचे विमान धुक्यामुळे अडकले आणि एक प्रवासी सुमारे अकरा तास विमानातच बसून राहिला. हैदराबादच्या कायमस्वरूपी लोकअदालतीने त्याला दहा हजार रुपये देवविले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण धुके कंपनीच्या हातात नव्हते आणि त्या काळी अपेक्षित असलेली किमान सोय तिने केली होती. पण त्याच निकालाने असेही सांगितले की उशीर कंपनीच्या हाताबाहेरचा असला तरी प्रवाशाची किमान काळजी घेण्याचे कर्तव्य टळत नाही. भरपाई आणि काळजी या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. धुक्याने पहिली सुटते, दुसरी सुटत नाही. काउंटरवर ‘वेदर आहे सर, काही देता येणार नाही’ असे कोणी म्हटले तर निदान चहा-नाश्ता, जेवण आणि नियमात बसत असेल तर हॉटेल ठामपणे मागावे.

युरोपात हीच गोष्ट याहून टोकाच्या प्रसंगी ठरली. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडमधल्या एय्याफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेने उत्तर युरोपचे आकाश बंद झाले. पोर्तुगालमधल्या फारोहून डब्लिनला जाणारी एक प्रवासी आठवडाभर अडकली आणि तिने राहण्या-खाण्याचे सुमारे 1,129 युरो रायनएअरकडे मागितले. हे संकट नेहमीच्या असाधारण परिस्थितीच्याही पलीकडचे आहे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. 2013 मध्ये युरोपियन न्यायालयाने तो फेटाळला. संकट जितके मोठे तितकी प्रवाशाला काळजीची गरज जास्त, अशी त्या निकालाची दिशा होती.

युरोपचा नियम, रेग्युलेशन 261/2004, फेब्रुवारी 2005 पासून लागू आहे. अंतरानुसार 250, 400 किंवा 600 युरो, आणि तिकिटाच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. स्वस्तातले तिकीट असले तरी भरपाई तीच. मूळ मसुद्यात उशिरासाठी रोख भरपाई नव्हतीच. ती न्यायालयाने 2009 च्या स्टर्जन खटल्यात आणली: तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोहोचलेला प्रवासी रद्द उड्डाणाच्या प्रवाशाइतकाच वेळ गमावतो, मग त्याला वेगळे का वागवायचे? इतका साधा तर्क आपल्या नियमकर्त्यांना अजून पटलेला नाही. विमान कंपन्यांचा या तीन तासांना विरोध कायम आहे. जून 2025 मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी ती मर्यादा चार ते सहा तासांवर नेण्याची भूमिका घेतली.

पण युरोपकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट आकड्यांत नाही, कारणांत आहे. असाधारण परिस्थिती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिथे नियमानेच कंपनीवर टाकली आहे, आणि न्यायालयाने एकेक सबब तपासून तिची हद्द आखून दिली. 2008 मध्ये ठरले की देखभालीत सापडलेला तांत्रिक बिघाड हा विमान कंपनीच्या रोजच्या धंद्याचाच भाग, त्याने भरपाई टळत नाही. 2017 मध्ये ठरले की पक्ष्याची धडक मात्र असाधारण. 2018 मधला निकाल आपल्याला फार जवळचा आहे. जर्मनीच्या तुईफ्लाय कंपनीत फेररचनेची बातमी फुटल्यावर कर्मचाऱ्यांनी सामूहिक आजारपणाच्या रजा टाकल्या, विमाने रद्द झाली आणि कंपनीने हात वर केले. न्यायालयाने सांगितले की कर्मचाऱ्यांशी बिनसणे हे कंपनी चालवण्याच्या ओघातलेच आहे, भरपाई द्या. मे 2024 मध्ये आपल्याकडे एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी नेमके हेच केले आणि डझनावारी उड्डाणे रद्द झाली. भारतीय नियमाच्या अपवादांच्या यादीत राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर यांच्याबरोबर संप आणि कामगार-वादही बसवलेले आहेत. घटना एकाच जातीची, पण कायदा प्रवाशाला दोन विरुद्ध बाजूंना उभे करतो.

डिसेंबरचा घोटाळा या दृष्टीने कसोटीचा होता. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळांचे नवे नियम अचानक आलेले नव्हते. त्यांचा दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू होणार हे आधी ठरलेले होते. आठवड्याची विश्रांती 48 तासांची आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा, एवढे ठाऊक असताना वैमानिक कमी पडले. यात आभाळाचा दोष नाही. इंडिगोने 24 तासांच्या आत रद्द झालेल्या उड्डाणांसाठी नियमाप्रमाणे भरपाई आणि जास्त त्रास झालेल्यांना वर दहा हजारांची प्रवास व्हाउचर्स जाहीर केली. व्हाउचर वर्षभराच्या मुदतीचे आणि त्याच कंपनीचे. ज्याला त्या कंपनीचे तोंडही पाहायचे नाही त्याने त्या कागदाचे काय करायचे?

तिकीट असून चढू न देण्याची कथा जुनी आहे. ऐनवेळी न येणाऱ्यांचा अंदाज धरून कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतात. 1972 मध्ये अमेरिकेतले ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांना ॲलेगेनी एअरलाइन्सने असेच वॉशिंग्टनला मागे ठेवले. त्यांनी लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1976 मध्ये तो चालवण्याचा रस्ता मोकळा झाला. त्याआधीच, 1968 मध्ये, अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी एक सोपा उपाय सुचवला होता: जबरदस्तीने कोणाला उतरवू नका, पैसे देऊ करा आणि जो खुशीने थांबेल त्याला थांबवा. दहा वर्षांनी तो अमेरिकेच्या नियमात आला. 2017 मध्ये शिकागोला युनायटेडच्या विमानातून एका वयस्क डॉक्टरांना फरफटत बाहेर काढले गेले, ते हे तत्त्व अर्ध्यावर सोडल्यामुळे. त्यानंतर काही दिवसांतच डेल्टाने स्वेच्छेने थांबणाऱ्यासाठी 9,950 डॉलरपर्यंत मोजायची मुभा आपल्या लोकांना दिली.

भारतीय नियमातही आधी स्वेच्छेने थांबणारे शोधायचे, असे स्पष्ट लिहिले आहे. तसे कोणी मिळाले नाही आणि तुम्हाला मागे ठेवले, तर तासाभराच्या आत दुसरे विमान मिळाल्यास काही नाही. 24 तासांत मिळाल्यास मूळ भाडे व इंधन आकाराच्या 200 टक्के, कमाल 10,000 रुपये. त्याहून उशिरा मिळाल्यास 400 टक्के, कमाल 20,000. पर्यायी विमान नकोच असेल तर परतावा आणि शिवाय तीच 400 टक्के भरपाई. या भागात डीजीसीएने हातही उगारला आहे. जून 2022 मध्ये एअर इंडियाला दहा लाखांचा दंड झाला. सप्टेंबर 2024 मध्ये अकासाच्या बेंगळुरू-पुणे विमानात सात जणांना चढू दिले नाही, त्याबद्दलही नंतर दहा लाखांचा दंड झाला. तिथे मूळ विमान रद्द झाले होते आणि बदली विमानातल्या काही सीट बसण्यालायक नव्हत्या. सीट मोडकी असणे ही कंपनीची अडचण, तिचा भार प्रवाशावर टाकता येत नाही, एवढे तरी त्यातून अधोरेखित झाले.

आणि मग वर्ग उतरवणे. आयुष्यात एकदा आईवडिलांना आरामात नेऊ म्हणून कोणी बिझनेसची तिकिटे काढतो, ऐनवेळी विमान बदलते, बदललेल्या विमानात त्या वर्गाच्या जागा कमी, आणि दोघांपैकी एकाला मागे पाठवले जाते. डिसेंबर 2022 मध्ये डीजीसीएने प्रस्ताव मांडला होता की अशा वेळी करांसह संपूर्ण तिकिटाचे पैसे परत द्यायचे आणि खालच्या वर्गातून फुकट न्यायचे. 15 फेब्रुवारी 2023 ला प्रत्यक्षात आला तो सौम्य झालेला नियम. देशांतर्गत प्रवासाला तिकिटाच्या किमतीच्या 75 टक्के, करांसह. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1,500 किलोमीटरपर्यंत 30 टक्के, 3,500 पर्यंत 50 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के. हे टप्पे युरोपच्या नियमावरूनच घेतलेले दिसतात. एका बाबतीत मात्र आपला नियम सरस आहे. 2016 मध्ये एमिरेट्सविरुद्धच्या मेनेन्स खटल्यात युरोपियन न्यायालयाने ठरवले की टक्केवारी फक्त ज्या टप्प्यावर वर्ग उतरला त्या टप्प्याच्या भाड्यावर काढायची आणि वर्गाशी संबंध नसलेले कर वगळायचे. आपल्याकडे कर धरूनच हिशेब होतो, आणि बिझनेसच्या तिकिटावर सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटी आहे, तेव्हा ही रक्कम किरकोळ नाही. हा परतावा कंपनीने आपणहून द्यायचा असतो. ‘पुढच्या वेळी अपग्रेड देऊ’ हा त्याचा पर्याय नव्हे.

ज्यांची मुले युरोपात आहेत अशा आईवडिलांनी एवढे जाणून ठेवावे. फ्रँकफर्टहून किंवा पॅरिसहून निघताना कंपनी कोणतीही असो, अगदी एअर इंडिया असली तरी, युरोपचा नियम लागू होतो. मुंबईहून जाताना तो लागू होतो तो विमान लुफ्तान्सासारख्या युरोपियन कंपनीचे असेल तरच. पुणे-दिल्ली-फ्रँकफर्ट असा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर चुकलेल्या जोडविमानाची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटे काढून वाचवलेले दोन-तीन हजार दिल्लीत एका रात्रीत जातात. इतर आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999 चा मॉन्ट्रियल करार आहे, भारत त्यात 2009 मध्ये सामील झाला. त्यात ठरलेली भरपाई नाही, झालेले नुकसान दाखवावे लागते. म्हणून पावत्या जपाव्यात. उशिरासाठीची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून 6,303 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) आहे, म्हणजे सात लाख रुपयांच्या वर. सामान उशिरा मिळाले तर 21 दिवसांत, मोडतोड झाली तर 7 दिवसांत लेखी तक्रार हवी, आणि दावा दोन वर्षांच्या आत.

कंपनीच बुडाली तर यातले काहीच हाती लागत नाही. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये थांबली, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. आगाऊ पैसे भरलेला प्रवासी बँकांच्या आणि इतर मोठ्या धनकोंच्या मागे रांगेत उभा राहिला आणि दोन्ही प्रकरणे शेवटी अवसायनात गेली. तिकिटाचे आगाऊ पैसे वेगळ्या खात्यात सुरक्षित ठेवण्याची सक्ती केल्याशिवाय यावर उपाय नाही.

आपल्याकडे तक्रारीचे मार्ग पुष्कळ आहेत: कंपनीचा नोडल अधिकारी, केंद्राचे एअरसेवा पोर्टल, ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आता ऑनलाइनही. दोन वर्षांची मुदत आहे, आणि तिकिटाची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यातून उभी केलेली ग्राहक पंचायत ज्या राज्यात रुजली तिथल्या माणसाला आयोगाची पायरी अनोळखी नाही. पण आयोगापुढे उभे राहायला कागद लागतो. म्हणून विमानतळावर असतानाच रद्द झाल्याचा मेसेज, डिस्प्ले बोर्डाचा फोटो, नवा बोर्डिंग पास आणि खर्चाची बिले जपावीत. आणि काउंटरवर एकच मागणी धरून ठेवावी: कारण लेखी द्या. ‘ऑपरेशनल रीझन्स’ एवढेच लिहून मिळाले तरी ते ठेवावे. त्या दोन शब्दांत ना धुके आहे, ना पूर.

हे ओझे प्रत्येक प्रवाशाने एकट्याने वाहायचे कारण नाही. कोणते विमान कशामुळे रद्द झाले याची नोंद कंपनीकडे असते आणि ती डीजीसीएला मागवता येते. प्रवाशाचे नाव, मोबाइल आणि ज्या कार्डावरून पैसे आले ते कार्डही कंपनीकडे असते. परतावा त्याच कार्डावर जातो, तर भरपाई का जाऊ नये? डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढते. किती जणांना चढू दिले नाही, किती उड्डाणे रद्द झाली, उशिराचा फटका किती जणांना बसला आणि कंपन्यांनी भरपाई व सोयींवर किती खर्च केला, हे त्यात असते. वाटलेले फराळाचे डबे आणि दिलेली रोख भरपाई मात्र त्या खर्चात एकत्रच मोजली जाते. त्या तक्त्यात दोन रकाने वाढवायला हवेत: प्रत्येक रद्द उड्डाणामागे कंपनीने सांगितलेले कारण, आणि भरपाईला पात्र असलेल्यांपैकी किती जणांना ती न मागता मिळाली.